धामण: नर कोणता, मादी कोणती, कसं ओळखायचं?

फडकरी
आमचा ऊस आहे, कराडच्या बाजूला. फडात धामणी नेहमीच्याच. त्यांना आमच्याकडे कुणी मारत नाही हे आधीच सांगून ठेवतो, उंदरांचा बंदोबस्त फुकटात होतो. परवा पाटाच्या कडेला दोन मोठ्या धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या. गुडघ्याच्या वर उंची. खाली पडत होत्या, परत उठत होत्या. बरीच माणसं गोळा झाली आणि मतांचा पाऊस सुरू झाला. चुलते म्हणाले, पिवळट ती मादी, काळपट तो नर. आमचा वाटेकरी म्हणाला, जाड ती मादी. शेजारचे आबा म्हणाले, दोन्ही माद्याच, कारण धामण ही नागाची बायको आणि नाग कुठंतरी जवळच असणार. हे ऐकून निम्मी गर्दी पांगली.

प्रश्न दोन आहेत. लांबून, हात न लावता धामणीतला नर-मादी ओळखता येतो का? आणि जाणकार हातात घेऊन बघतात तेव्हा नेमकं काय बघतात?

निवांत_नारायण
भारी विषय. रुमाल टाकून ठेवतो.

अक्कलखाते
@नारायण, धाग्यावर टाका, धामणींवर नको. :)
आमच्या गावात अशा जोडीवर खरंच धोतर टाकलेलं बघितलंय. नंतर ते धोतर तिजोरीत ठेवलं की बरकत येते म्हणे. तिजोरीत आधी काहीतरी असावं लागतं हे कुणी सांगत नाही.

सुरंगी
माझ्या आजीने तर पांढरं उपरणं नेसूच्या कपाटात जपून ठेवलं होतं, आजोबांनी टाकलेलं. त्या घडीला हात लावायची सोय नव्हती. आजोबांना 'जोडी दिसली' याचा फार अभिमान. आता हा धागा वाचून काय काय कळणार आहे कोण जाणे.

रानवाट
सुरंगी, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो: ती बहुतेक जोडी नसणार. दोन नर असणार.

फडकरी, तुम्ही वर्णन केलंत ती झुंज आहे. दोन नर अंगाला अंग पिळतात, पुढचा भाग उंच उचलतात आणि दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचा प्रयत्न करतात. चावत नाहीत सहसा. ज्याला पुन्हा पुन्हा खाली दाबलं जातं तो शेवटी निघून जातो. उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्यात हे जास्त बघायला मिळतं. लोक त्याला 'जोडी लागली' म्हणतात कारण ते नाचल्यासारखं दिसतं.

खरं मीलन इतकं देखणं नसतं. मादी जमिनीवर पसरून असते, नर तिच्या पाठीवरून सरकत झटके देत राहतो, शेपट्या एकमेकींत गुंततात आणि मग दोघं कितीतरी वेळ जवळपास निश्चल पडून राहतात. त्याला प्रेक्षक जमत नाहीत. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर असं की उंच उभे राहून पीळ घालताना दिसले तर दोन्ही नर समजायला हरकत नाही. एरवी एकटी धामण बांधावरून पळताना बघून नर की मादी सांगणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. सांगणारे भरपूर पाहिलेत, पण ते वेगळं.

मृण्मयी_क
आणि रंगाचं काय? चुलत्यांचं मत आमच्याकडेही ऐकलंय. नगर जिल्ह्यात उलटं सांगतात, पिवळा तो नर.

रानवाट
दोन जिल्ह्यांत उलटसुलट सांगतात इथेच उत्तर आहे ना. धामण पिवळट, तपकिरी, राखाडी, जवळजवळ काळी, कशीही असते. पिल्लं आणखी वेगळी, हिरवट-राखाडी आणि आडवे पट्टे. रंग नर-मादीचा नाही. जात ओळखायची असेल तर ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा बघा, त्या मात्र भरवशाच्या. नाग समजून मारल्या जाणाऱ्या धामणींचे फोटो येतात तेव्हा त्या रेघा त्यात स्वच्छ दिसत असतात.

वेंगुर्ल्याचो_झिलगो
आमच्याकडे म्हणतत धामण गायीच्या पायांका येढो घालता आनि दूध पिता. आनि शेपटेचो काटो लागलो तर अंग कुजता. तेव्हा तुमी शेपटी बघूक जाव नकात.

गुरांचा_डॉक्टर
झिलगो, इतकी वर्षं गोठ्यांत हिंडतोय, सडावर दातांच्या खुणा दाखवून 'धामणीनं दूध काढलं' म्हणणारे भेटतात. दरवेळी काही ना काही दुसरं कारण निघतं, बहुतेकदा दगडी, म्हणजे कासेची सूज. सापाला ओठ आणि गाल असे नसतात की त्यानं चोखावं. शिवाय तेवढे मागे वळलेले दात सडात रुतले तर गाय उभी राहील का? धामण गोठ्यात येते ती पेंडीवर येणाऱ्या उंदरांसाठी. आणि शेपटीत काटा नाही, विष नाही. विष तर धामणीत कुठंच नाही.

आता मुद्द्यावर. शेपटीच बघायची असते! नर-मादीचा सगळा फरक तिथेच आहे.

सापाच्या पोटाकडून बघत मागे गेलं की एक आडवी चीर लागते, तिथं शरीर संपून शेपटी सुरू होते. नराची दोन लिंगं असतात, दोन्ही शेपटीच्या आत, चिरेच्या मागे, उलटा करून आत ढकललेल्या मोज्यासारखी. त्यांना आणि त्यांना आत ओढणाऱ्या स्नायूंना जागा लागते. म्हणून नराची शेपटी चिरेच्या मागेही काही अंतर तशीच जाड राहते, मग हळूहळू निमुळती होते, आणि एकूण लांबीच्या मानानं लांब असते. मादीची शेपटी चिरेनंतर लगेच बारीक होते. दोन्ही शेजारी ठेवले तर लहान पोरही सांगेल. एकच साप समोर असला की मात्र भलेभले अडखळतात.

शेपटीखालच्या खवल्यांच्या जोड्याही मोजतात. धामणीत त्या साधारण शंभरच्या पुढे भरतात, सरासरीनं नराला जास्त. पण दोघांचे आकडे एकमेकांत इतके शिरतात की मधल्या आकड्यावर काहीच ठरत नाही. त्यात शेताबांधावरच्या मोठ्या धामणीची शेपटी पुष्कळदा टोकाला तुटलेली. मग काय मोजणार?

फडकरी
डॉक्टर, दोन लिंगं? एकाच वेळी दोन्ही?

गुरांचा_डॉक्टर
एका वेळी एकच. दुसरं राखीव.

अक्कलखाते
शासकीय गाडीच्या स्टेपनीपेक्षा तरी उपयोगी. (दिवे घ्या.)

निवांत_नारायण
इथून पुढे धागा संध्याकाळी मुलं झोपल्यावर वाचणार.

बे_एरियातला_बंड्या
इकडची गंमत सांगतो. कॅलिफोर्नियात आमच्या मागच्या टेकडीवर गोफर स्नेक येतो. धामणीचाच पेशा, उंदीर आणि बिळं खणणारे गोफर खातो, विषारी नाही. पण सोंग असं करतो की भल्याभल्यांची गाळण उडावी. डोकं चपटं करून तिकोनी करतो, जोरात फुत्कारतो आणि शेपटी सुक्या पाल्यात थरथरवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला रॅटलस्नेक वाटावा. त्यापायी कुदळीनं मारला जातो बिचारा. धामण जशी नाग समजून मारली जाते तसंच.

इथे तो पाळतातही. मासेमारीचा परवाना असेल तर स्थानिक सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी काही जाती ठराविक संख्येत बाळगता येतात, त्यात हा बसतो. त्यामुळे 'माझा नर की मादी' हा प्रश्न इथल्या हौशी लोकांत रोजचा. आणि डॉक्टर म्हणतात ते गोफर स्नेकमध्ये आणखी अवघड, कारण त्याची शेपटी मुळातच आखूड असते. धामणीची पाव भागापेक्षाही जास्त, याची त्याच्या निम्म्याच्या आसपास. आखूड शेपटीत लांब-आखूड काय बघणार? नुसत्या फोटोवरून विचारणाऱ्याला दहा जण दहा उत्तरं देतात. मग लोक प्रोबिंग करून घेतात.

बाय द वे, यांचे नरही झुंजतात, पण धामणीसारखे उंच उभे राहत नाहीत. बरंचसं जमिनीवर लोळूनच चालतं. त्यामुळे इथे धोतर टाकायची प्रथा पडली नसावी.

मृण्मयी_क
प्रोबिंग म्हणजे?

गुरांचा_डॉक्टर
बोथट, गुळगुळीत, गोल टोकाची धातूची सळई असते, सापाच्या मापाची. तिला वंगण लावून चिरेच्या एका कडेनं शेपटीच्या दिशेनं अगदी हलक्या हातानं सरकवतात. नरात ती त्या पोकळीत शिरते आणि सात-आठ खवले किंवा त्याहून पुढे जाते. मादीत दोन-चार खवल्यांवर थांबते. कुठवर गेली ते बोटानं धरून बाहेर काढायची आणि शेपटीखाली धरून खवले मोजायचे. कागदावर सोपं आहे.

प्रत्यक्षात घाबरलेला नर स्नायू आवळून धरतो, सळई लवकर अडते आणि त्याची मादी म्हणून नोंद होते. उलट जोर लावला तर मादीत ती गंधग्रंथीच्या बाजूला शिरते किंवा पडदाच फाटतो आणि तिचा नर होतो. फाटलं की रक्तस्राव, संसर्ग, कायमची इजा. ज्यानं शिकून घेतलंय त्यानंच करावं आणि कारण असेल तरच करावं.

झुंजार_सर्पमित्र
एवढं घाबरवू नका डॉक्टर. आमच्या ग्रुपमध्ये पिल्लांचं पॉपिंग आम्ही करतो, काही होत नाही. चिरेच्या मागे अंगठा ठेवून हलकं दाबत पुढे सरकवला की नराची दोन लाल टोकं बाहेर येतात. मिनिटाचं काम. ज्ञान मिळालं पाहिजे ना?

गुरांचा_डॉक्टर
कुणाला मिळालं पाहिजे? पिल्लाला तर आधीच माहीत आहे.

पॉपिंग नुकत्या जन्मलेल्या पिल्लांतच करतात, मोठ्या सापात करायचं नाही, कारण तिथले स्नायू इतके ताकदीचे होतात की दाबून टोक येत नाही, आतच काहीतरी फुटतं. पिल्लातही बाहेर आलं तर नर पक्का, नाही आलं तर 'मादी असेल' एवढंच.

रानवाट
झुंजार, दुसरी गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात धामण संरक्षित आहे. घरात शिरलेला साप पकडून, वनखात्याला कळवून, जवळच्या योग्य जागी सोडणं ही एक गोष्ट झाली. पकडलेल्या सापावर हात साफ करून बघणं ही वेगळी. सोडायच्या सापाचा नर-मादी कळून त्याला कुठे सोडायचं यात काय फरक पडणार आहे? धामण ती धामण.

झुंजार_सर्पमित्र
नोंदी ठेवतो आम्ही. नोंदीत रकाना असतो.

रानवाट
रकान्यात 'अज्ञात' लिहा. शेपटी स्पष्ट दिसली तर 'शेपटीवरून बहुधा नर' लिहा. अशी प्रामाणिक नोंद पुढे कुणाच्या तरी अभ्यासाला कामाला येते, दामटून भरलेली नाही येत.

झुंजार_सर्पमित्र
'बहुधा नर' चालेल म्हणता? मग ठीक. पण पिल्लांचं मी अजून मानत नाही.

सुरंगी
मोठी ती मादी, हे तरी खरं का? आजी म्हणायची.

रानवाट
काही सापांत खरं आहे, म्हणून सगळ्यांना लावलं जातं. पाणदिवडात माद्या ठळकपणे मोठ्या, अजगरातही. जास्त मोठं अंग म्हणजे जास्त अंडी. पण जिथे नर एकमेकांशी झुंजतात तिथे मोठ्या नराला फायदा, त्यामुळे अशा जातींत नर मादीच्या बरोबरीचा किंवा तिच्याहून मोठा भरतो. धामण त्यातली. फडकरींच्या वाटेकऱ्याचं 'जाड ती मादी' एकाच काळात उपयोगी: अंडी पोटात असताना. तेव्हा शरीराचा मागचा अर्धा भाग, चिरेच्या पुढचा, सलग फुगलेला दिसतो. नुकताच घूस गिळलेला नर मात्र पोटाच्या मध्यावर एकाच ठिकाणी फुगतो. तो बघूनही लोक 'गाभण आहे' म्हणतात.

पेशी_आणि_पोहे
उशिरा आले. कुणी गुणसूत्रांचं बोललंच नाही, तेव्हा थोडं अवांतर.

माणसात पुरुष एक्स-वाय, बाई एक्स-एक्स. धामण, नाग, मण्यार यांच्यात उलट. नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी निदान सापाच्या घरी जन्म घ्यायचा होता.) यातून एक मोठी भारतीय गोष्ट निघाली. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रात डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, त्याचा अभ्यास लालजी सिंग यांनी 1980 च्या सुमारास एडिंबरात केला. 'गाटा' ही चार अक्षरं सारखी गिरवलेली. तोच तुकडा पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी वापरला गेला, पितृत्वाच्या आणि गुन्ह्यांच्या खटल्यांपर्यंत पोचला. सापाची नर-मादी शोधता शोधता माणसाचा बाप सापडला म्हणा ना.

आज रक्ताच्या थेंबावरून किंवा कातीच्या तुकड्यावरूनही डीएनए काढून लिंग सांगता येतं, प्रयोगशाळा हाताशी हवी एवढंच.

अक्कलखाते
'सापाची नर-मादी शोधता शोधता माणसाचा बाप सापडला.' धागा वसूल.

बे_एरियातला_बंड्या
पेशी_आणि_पोहे, कातीचा मुद्दा आवडला. इकडचे लोक कात नुसती बघूनही अंदाज बांधतात. शेपटीची कात सलग निघाली असेल तर पाण्यात भिजवून सपाट करायची आणि खवल्यांच्या जोड्या मोजायच्या. कधीकधी नराच्या कातीत चिरेच्या मागे दोन बारीक वाळलेल्या नळ्या दिसतात, आतल्या अस्तराच्या. दिसल्या तर नर, नाही दिसल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

फडकरी
हे आमच्या कामाचं! कात फडात आणि विहिरीच्या कठड्यावर कायम मिळते. सापाला हात लावायला नको.

रानवाट
फक्त ती धामणीचीच आहे ना हे आधी बघा. डोळे मोठे, पाठीच्या मधल्या ओळींचे खवले किंचित कण्याचे, म्हणजे मधोमध बारीक उंच रेघ असलेले. नागाची कात गुळगुळीत, तिला तो कणा नसतो. आणि कात बघायला विहिरीच्या कठड्यावरून वाकू नका.

मृण्मयी_क
घरातल्या कुंडीत बारीक काळा गांडुळासारखा साप निघतो, वाळा. त्यात कसं ओळखायचं?

पेशी_आणि_पोहे
तो सगळ्यात सोपा. मादीच! वाळ्यात नर नसतातच. गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि मादी नराशिवायच अंडी घालते, पिल्लं सगळी माद्या. म्हणूनच कुंडीतल्या मातीबरोबर एकच वाळा जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी तिथे वसाहत होते.

सुरंगी
महिला बचत गट.

गुरांचा_डॉक्टर
अजून एक, कारण विचारलं जातंच. अजगर आणि मांडूळ यांच्यात चिरेच्या दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात, पूर्वजांच्या मागच्या पायांचे उरलेले. नरात ते मोठे असतात. धामणीला ते नसतात, तेव्हा 'काटे दिसले नाहीत म्हणजे मादी' असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. आणि मांडुळाचे काटे बघायच्या नादात मांडूळ घरी आणू नका, त्याच्या नावानं चालणाऱ्या पैशाच्या भुलथापांत आधीच खूप मांडुळं गेली आहेत.

फडकरी
सगळ्यांचे आभार. व्हिडिओ पुन्हा नीट बघितला. दोघेही पुढून उभे, दोघांनीही एकमेकांचं डोकं दाबलं, चावाचावी नाही. शेवटी एक उसात निघून गेला, दुसरा तिथेच थोडा वेळ मान फुगवून बसला. म्हणजे दोन्ही नर. चुलत्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'बरं, दोन्ही गडी. मग भांडण लागलं ते बाईवरनं ना? ती कुठाय?'

रानवाट
चुलत्यांचा प्रश्न बरोबर आहे. ती फडातच कुठेतरी असू शकते. अंडी उंदरांच्या जुन्या बिळात, वारुळाच्या पोकळीत, पाचटाच्या किंवा कुजणाऱ्या काडीकचऱ्याच्या ढिगाखाली घालते. पाचट जाळायचं ठरवलंत तर सगळ्यात आधी तीच होरपळते, तेव्हा कुजवता आलं तर बघा. जमिनीलाही चांगलं.

फडकरी
आम्ही पाचट कुजवतोच, दोन वर्षं झाली. ढीग उकरताना अंडी निघाली तर?

रानवाट
झाकून टाका आणि तेवढा कोपरा राहू द्या, साधारण दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात. हलवावीच लागली तर वरची बाजू वरच ठेवून उचला, कोंबडीच्या अंड्यासारखी फिरवायची नाहीत. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटवलं तर मरतो.

अक्कलखाते
अंड्यावरून नर-मादी कळते का?

पेशी_आणि_पोहे
नाही. मगरीसारखं उबेवरूनही ठरत नाही, अंडं पडतं तेव्हाच ठरलेलं असतं.

झुंजार_सर्पमित्र
पिल्लं निघाली की कळवा, मी येतो. बघायलाच. अंगठा खिशात ठेवून.